घरबसल्या स्वीडनची रेडिओ दुर्बीण चालवायची कशी? साल्सावर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

रेडिओ दुर्बीण म्हटलं की आपल्याकडे लगेच खोडद आठवतं. नारायणगावच्या पुढे ४५ मीटरच्या त्या ३० डिश, आणि विज्ञान दिनाला तिथे होणारी पोरांची गर्दी. पण ती दुर्बीण बघायला मिळते, चालवायला नाही, त्यासाठी प्रपोजल लिहावं लागतं आणि ते मंजूर व्हावं लागतं, आणि ते बरोबरच आहे म्हणा. मग नुसती हौस असलेल्या माणसाने, किंवा बीएस्सीच्या पोरांनी, खरीखुरी डिश फिरवून खरा डेटा घ्यायचा कुठे? त्यासाठी साल्सा आहे.

साल्सा म्हणजे २.३ मीटर व्यासाच्या छोट्या डिश, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर ओन्साला वेधशाळेत, गोथेनबर्गच्या दक्षिणेला साधारण ४५ किलोमीटरवर. वेधशाळा चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठ चालवतं, ओलोफ रिडबेक यांनी १९४९ मध्ये ती सुरू केली. तिथेच २० मीटर आणि २५ मीटरच्या मोठ्या डिश पण आहेत, त्या जगभरातल्या इतर दुर्बिणींशी जोडून दूरच्या क्वेसारचे (फार लांबच्या दीर्घिकांच्या तळपणाऱ्या गाभ्यांचे) वेध घेतात आणि त्यावरून पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, खंडांचं सरकणं असलं सगळं मिलिमीटरच्या हिशोबात मोजलं जातं. त्या आपल्या हातात येत नाहीत. छोट्या मात्र शिकणाऱ्यांसाठीच ठेवल्यात, फुकट, आणि इंटरनेटवरून कुठूनही चालवता येतात.

आधी काय दिसणार ते समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल

फोटो मिळणार नाही. हे दोनदा वाचा. या डिशला एका वेळी आकाशाचा साधारण ६ अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे पौर्णिमेचे डझनभर चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढा, आणि त्या अख्ख्या तुकड्यातून येणारं सगळं एकत्र मिसळून तुम्हाला एक आलेख मिळतो. आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, उभ्यावर सिग्नलची ताकद. बस एवढंच. पण सगळी मजा त्या आडव्या अक्षात आहे.

आकाशगंगेत सगळीकडे हायड्रोजन वायू पसरलेला आहे. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन कधीतरी आपली फिरकी उलटी करतो आणि तेव्हा १४२०.४ मेगाहर्ट्झची, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, एक बारीकशी लहर बाहेर पडते. एखादा अणू आपणहून हे करायला सरासरी १ कोटी वर्षांच्या वर घेतो, पण अणूच इतके आहेत की कुठे ना कुठे सतत चालूच असतं. हे असं दिसायला हवं हे हेंक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, नेदरलँड्सवर जर्मनांचा ताबा असताना मांडलं आणि १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्डला हॅरॉल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ते पकडलं, तेही खिडकीबाहेर लावलेल्या एका लाकडी-पत्र्याच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने. पुढे १९५८ पर्यंत ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांनी डच आणि ऑस्ट्रेलियन वेध एकत्र करून आपल्या दीर्घिकेचा सर्पिल नकाशा छापला सुद्धा. धुळीमुळे साध्या दुर्बिणीला जे दिसतच नव्हतं ते यातून दिसलं, कारण २१ सेंटिमीटरच्या लहरीला धूळ अडवत नाही.

आता वायू आपल्याकडे येत असेल तर फ्रिक्वेन्सी जरा चढते, लांब जात असेल तर उतरते. या ठिकाणी १ किलोमीटर प्रति सेकंद वेग म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झचा फरक, हा आकडा लिहून ठेवा, सारखा लागतो. म्हणजे तुमचा तो आलेख खरं तर वेगांचा आलेख आहे. दुर्बीण धूसर असली तरी वेग ती झकास मोजते, त्यामुळे साल्सावर जे काही करायचं ते वेगावर करायचं, आकारावर नाही.

दिशा आधी, बुकिंग नंतर

बहुतेक जण उलटं करतात. रात्री जेवण झालं की मोकळा वेळ आहे म्हणून स्लॉट घेतात आणि मग बघतात तर हवी ती दिशा स्वीडनच्या क्षितिजाखाली. तर आधी ‘गॅलॅक्टिक’ निर्देशांक समजून घ्या, अवघड काही नाही. आकाशगंगेच्या पट्ट्याला विषुववृत्त मानायचं, त्यावरचा रेखांश म्हणजे एल, आणि पट्ट्यापासून वर-खाली किती ते बी. बी शून्य ठेवलं की तुम्ही पट्ट्यावरच आहात. एल शून्य म्हणजे धनु राशीतलं केंद्र, ३० ते ४५ ला गरुड, ८५-९० च्या आसपास हंस, १२० ला शर्मिष्ठा, १४५ च्या आसपास ययाती, १८० म्हणजे केंद्राच्या बरोब्बर विरुद्ध बाजू, सारथी आणि वृषभ यांच्या सीमेवर.

ओन्साला साधारण ५७.४ उत्तर अक्षांशावर आहे. केंद्राची क्रांती (आकाशाच्या विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश ते) उणे २९, म्हणजे ते तिथे दक्षिणेला जास्तीत जास्त साडेतीन अंश वर येतं, झाडांच्या आणि घरांच्या मागेच राहतं म्हणा ना. पुण्यातून तेच केंद्र ४२ अंश वर येतं, त्यामुळे आपल्याकडच्या सवयीने ‘चला आधी केंद्र बघू’ असं करू नका, काही मिळणार नाही. एल २० च्या खालचं सोडूनच द्या.

याच्या उलट एक मोठा फायदा आहे. इतक्या वरच्या अक्षांशावर क्रांती ३३ च्या वरचं काही मावळतच नाही. म्हणजे एल साधारण ७५ ते १७० हा पट्टा तिथे चोवीस तास क्षितिजाच्या वर असतो, आणि एल १२० तर सगळ्यात खाली असताना पण ३० अंश उंच असतं. त्यामुळे पहिल्या वेळेला एल १२०, बी ० घ्या, डोळे झाकून, दिवसा घ्या रात्री घ्या, जूनमध्ये घ्या डिसेंबरमध्ये घ्या, ते वर असणारच. ढगांची पण चिंता नाही, या लहरींना ढग दिसतच नाहीत.

एल २५ ते ७० हवं असेल (पुढे हवंच आहे) तर मात्र वेळ बघावी लागते. एल ३० तिथे ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात आपल्या रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास सर्वात उंच असतं, म्हणजे दिवाळीची सुट्टी यासाठी अगदी सोयीची. दर महिन्याला ही वेळ दोन तास आधी सरकते, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला दुपारी साडेचार आणि जुलैच्या सुरुवातीला पहाटे साडेचार. कुठलंही आकाश दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर घ्या, स्थळ ओन्साला टाका, दहा मिनिटांत सगळं समजतं.

वेळेचा घोळ टाळायचा तर स्वीडनची वेळ डोक्यातून काढून टाका, तिथे मार्चच्या शेवटी घड्याळ पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटी मागे करतात, त्यामुळे आपल्यातला फरक कधी साडेतीन तास तर कधी साडेचार. सरळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वापरा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, वर्षभर तेच.

खातं आणि बुकिंग

साइटवर खातं काढायचं, कॅलेंडरमध्ये मोकळा स्लॉट बघून घ्यायचा. यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त मोबाईलवर करू नका, लॅपटॉप घ्या.

प्रत्यक्ष वेध

लॉगिन केल्यावर निर्देशांकांचा प्रकार गॅलॅक्टिक निवडा. हे बघाच, कारण दुसराच प्रकार निवडलेला असेल आणि तुम्ही १२० आणि ० टाकलंत तर दुर्बीण बिचारी दिगंश (क्षितिजावर उत्तरेपासून मोजलेला कोन) १२० आणि उंची शून्य समजेल. एल १२०, बी ० टाका, ट्रॅक करायला सांगा. डिश हळूहळू फिरते, पोचेपर्यंत थांबा, पोचायच्या आत रेकॉर्डिंग चालू केलं तर वाटेतलं आकाश पण त्यात मिसळतं.

मग वेध किती वेळ घ्यायचा ते. पट्ट्यावरचा हायड्रोजन चांगला ताकदीचा आहे, ३० सेकंदात आकार दिसायला लागतो, मिनिटभर घेतलं की नीट. वेळ चौपट केली की खरखर निम्मी होते, त्यामुळे एकाच दिशेला अर्धा तास बसून राहण्यापेक्षा त्या वेळात दहा-पंधरा दिशा उरकलेल्या बऱ्या, असं माझं मत.

फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ वगैरे सेटिंग पहिल्या वेळी आहेत तशीच ठेवा. एकच गोष्ट समजून घ्या, ती म्हणजे फ्रिक्वेन्सी स्विचिंग. रिसीव्हर स्वतःच खूप खरखर करतो, आकाशातून येणाऱ्या सिग्नलपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखी नसते. म्हणून दुर्बीण थोडा वेळ हायड्रोजनच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकते, थोडा वेळ बाजूला जिथे हायड्रोजन नाही तिथे ऐकते, आणि दोन्हींची वजाबाकी करते. तेलाच्या दुकानात आधी रिकाम्या किटलीचा धडा करून घेतात ना, तसंच. हे चालू ठेवा. तरीही खालची रेघ जराशी तिरकी किंवा लाटेसारखी उरते, ती नंतर घरी सरळ करता येते.

स्क्रीनवर काय दिसेल? एल १२० ला शून्य वेगाच्या जवळ एक उंच उंचवटा, तो आपल्याच शेजारचा वायू. उणे ५० किलोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास दुसरा, तो ययाती भुजेचा, म्हणजे आपल्या बाहेरच्या बाजूला जी पुढची सर्पिल भुजा आहे तिचा. नशीब असेल तर त्याही पलीकडे एखादा बुटका. उणे म्हणजे आपल्याकडे येणारा. एकदम टाचणीसारखी उभी सरळ रेघ दिसली तर खूश होऊ नका, हायड्रोजन कधी इतका अरुंद नसतो, ती माणसाची करणी किंवा रिसीव्हरची. खरं तर १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमाने ऐकण्यासाठी राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचंच नाही, पण इकडून तिकडून गळती होतेच.

सेव्ह करताना फिट्स (खगोलशास्त्रातला डेटा ठेवायचा प्रकार) फाईल घ्या, नुसतं चित्र घेऊन पुढे काही करता येत नाही. पायथॉनमध्ये ॲस्ट्रोपाय नावाच्या लायब्ररीने ती उघडते. आणि वहीत यूटीसी वेळ, एल, बी, किती सेकंद, डिशची उंची हे लिहा, फाईलमध्ये असलं तरी लिहा.

वेग कोणाच्या तुलनेत?

इथे बरेच जण अडकतात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळते, सूर्य स्वतः शेजारच्या ताऱ्यांमधून २० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातोय. हे वजा केलं नाही तर आज घेतलेला स्पेक्ट्रम (म्हणजे तोच आलेख) आणि सहा महिन्यांनी त्याच दिशेला घेतलेला स्पेक्ट्रम सरकलेला दिसणार. म्हणून वेग नेहमी एलएसआर मध्ये, म्हणजे आपल्या शेजारच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या तुलनेत, घ्यायचे. कुठला वेग वाचताय ते आलेखाच्या खाली बघा. खात्री करायची तर बॉन विद्यापीठाच्या खगोल संस्थेच्या साइटवर कुठल्याही एल-बी चा प्रमाणित हायड्रोजन स्पेक्ट्रम मिळतो, बीमची, म्हणजे डिशला एका वेळी दिसणाऱ्या तुकड्याची, रुंदी पण टाकता येते, ती ६ अंश टाका आणि आपल्याशी ताडून बघा. उंचवटे त्याच जागी आले म्हणजे जमलं. माझ्या मते पहिल्या दिवशी एवढंच करावं, उत्साहात पुढे पळू नये.

दीर्घिकेचा वेग काढायचा

आता खरा कार्यक्रम. एल २५ ते ७५, दर ५ अंशांनी, बी शून्य, प्रत्येकी मिनिटभर. अकरा स्पेक्ट्रम होतील.

या दिशांना बघताना आपली नजर दीर्घिकेच्या आतल्या भागातून जाते आणि एका जागी केंद्राच्या सगळ्यात जवळून जाते, तिथला वायू नेमका आपल्या नजरेच्या रेषेत पळत असतो, म्हणून त्याचा वेग सगळ्यात जास्त दिसतो. म्हणजे स्पेक्ट्रममधली सगळ्यात मोठ्या अधिक (+) वेगाची कड शोधायची. सूर्याचं केंद्रापासून अंतर ८.५ किलोपार्सेक आणि फिरण्याचा वेग २२० किलोमीटर प्रति सेकंद हे जुने ठरलेले आकडे घ्या (आताची मोजमापं अंतर ८.२ च्या आसपास सांगतात, सरावाला फरक पडत नाही, फक्त सगळीकडे एकच वापरा). एक किलोपार्सेक म्हणजे ३,२६० प्रकाशवर्षं.

केंद्रापासूनचं अंतर = ८.५ × साईन एल
तिथला वेग = कडेचा वेग + २२० × साईन एल

समजा एल ३० ला कड १०५ वर सापडली. साईन ३० म्हणजे अर्धा. तर अंतर ४.२५ किलोपार्सेक आणि वेग १०५ अधिक ११०, २१५. अकराही दिशांचं असंच करा, आलेख काढा, वेग २०० ते २३० च्या दरम्यान साधारण आडवा जाताना दिसेल.

कड नक्की कुठे धरायची यावर प्रत्येकाचं वेगळं असतं, वायूची स्वतःची खळबळ पण सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास असतेच आणि ६ अंशांचा बीम एल ३० म्हणून २७ ते ३३ सगळं एकत्र घेतो. कुणी शेवटच्या उंचवट्याच्या निम्म्या उंचीला धरतं, कुणी जिथे खरखरीत बुडतो तिथे. काहीही धरा, पण अकराही ठिकाणी एकच पद्धत, ग्रुपमध्ये करत असाल तर कड एकानेच वाचायची.

आणि कृपया, यानंतर ‘आम्ही डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं वस्तुमान) शोधलं’ असं स्टेटस ठेवू नका. नेटवर अशा पोस्टचा सुळसुळाट आहे. ही पद्धत फक्त सूर्याच्या कक्षेच्या आतल्या बाजूला चालते, आणि आतल्या भागातला आडवा आलेख तारे आणि वायू यांच्या वस्तुमानातूनही बऱ्यापैकी जमवता येतो. खरा पेच बाहेर आहे, जिथे तारे संपत आले तरी वेग उतरत नाही, आणि तिथले वेग मोजायला अंतरं वेगळ्या रीतीने माहीत असावी लागतात. तुम्ही जे सिद्ध केलंत ते हे की सगळं वस्तुमान मधोमध गोळा झालेलं नाही. तसं असतं तर ८ किलोपार्सेकवरचा वेग ४ वरच्या वेगाच्या सत्तर टक्केच राहिला असता. २.३ मीटरच्या डिशवरून घरी बसून एवढं म्हणता येतंय हे काय कमी आहे का?

नकाशा करायचा असेल तर

एल ९० ते १७० च्या दिशांना प्रत्येक उंचवट्याच्या वेगावरून अंतर काढता येतं. २२० × साईन एल ला (२२० × साईन एल + मोजलेला वेग) ने भागा, ८.५ ने गुणा, हे केंद्रापासूनचं अंतर. एल १२० ला उणे ५० असेल तर १९०.५ भागिले १४०.५ गुणिले ८.५, म्हणजे ११.५ किलोपार्सेक. मग त्रिकोणमितीने आपल्यापासूनचं अंतर ४.६ निघतं. असे ठिपके मांडत गेलं की भुजांच्या कमानी दिसायला लागतात. एल १८० च्या जवळ मात्र सगळा वायू नजरेला आडवा पळतो, वेग शून्याशी गोळा होतात, तिथे अंतर निघत नाही.

पण हे अंतर फार मनावर घेऊ नका. ययाती भुजेतलाच डब्ल्यू ३ हा भाग वेगावरून ४ किलोपार्सेकच्या वर वाटायचा, २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हीएलबीए दुर्बिणींनी पॅरलॅक्सने (पृथ्वीच्या फिरण्यामुळे दिसणाऱ्या जागेच्या बारीक सरकण्यावरून) थेट मोजला तर २ निघाला. निम्म्याहून कमी! तिथला वायू गोल-गोल न फिरता जरा वेगळाच पळतोय आणि आपलं सूत्र मात्र शुद्ध वर्तुळ धरून चालतं. नकाशाचा आकार बघा, आकडे नाही.

सूर्याचा छोटा प्रयोग

शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरली आणि स्वीडनमध्ये दिवस असेल तर सूर्यावर रोखा. मग दिगंश एकेक अंशाने दोन्ही बाजूंना १० पर्यंत हलवत ताकद नोंदवा. जो घंटेसारखा आकार येतो त्याची निम्म्या उंचीवरची रुंदी म्हणजे तुमचा बीम. इथे एक मेख आहे, सूर्य जितका उंच तितका दिगंशातला एक अंश आकाशात कमी भरतो, म्हणून आलेली रुंदी उंचीच्या कोसाईनने गुणायची, नाहीतर उन्हाळ्यात बीम अचानक जाडा निघतो आणि लोक दुर्बिणीला दोष देतात. सूर्याचा एक त्रास पण आहे, जूनमध्ये तो एल १८० च्या आसपास असतो, त्या दिवसांत तिकडचे वेध बिघडतात.

हे झाल्यावर पुढे

हीच २१ सेंटिमीटरची रेघ घेऊन मोठ्या दुर्बिणी कुठवर जातात ते वाचा. खोडदच्याच डेटातून २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरएच्या (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या) गटाने ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे सिग्नल एकावर एक रचून, विश्व आत्ताच्या निम्म्याहून कमी वयाचं असतानाचा हायड्रोजन पकडला. एकेकीचा सिग्नल खरखरीत पूर्ण बुडालेला होता. प्रसरणामुळे रेघ १४२० वरून ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरलेली, आणि युक्ती तीच, वेळ वाढवा, सरासरी घ्या. गंमत म्हणजे आपल्या आकाशगंगेचा आकाशभर पसरलेला वायू मोजायला खोडदची विखुरलेली मांडणी तितकी कामाची नाही, ती बारीक तपशिलासाठी, पसरलेलं सपाट काही तिच्या हातून निसटतं. त्या कामाला एकटी डिशच लागते.

घरचीच अँटेना करायची खुमखुमी आली तर पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम फॉइलचं शिंग, १४२० चा फिल्टर असलेला ॲम्प्लिफायर आणि यूएसबीचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगल एवढ्यात काम होतं, आणि आपल्याकडून धनु चांगला वर येतो त्यामुळे साल्साला न दिसणारा केंद्राकडचा भाग तुम्हाला मिळेल. पण आधी साल्सावर खरा उंचवटा कसा दिसतो ते ओळखायला शिका, नाहीतर शेजारच्या इन्व्हर्टरची खरखर आकाशगंगा म्हणून मिरवाल.

आणि स्लॉट घेऊन ठेवला पण जमणार नसेल तर रद्द करा. डिश मोजक्याच आहेत आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशातला एखादा वर्ग त्या तासासाठी थांबलेला असू शकतो.